अठ्ठेचाळीसची चिठ्ठी

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी कोपऱ्याकडे बघायचे, मग माणसांकडे. यजमान "या, बसा" म्हणत असायचे आणि हे गृहस्थ दोन भिंती जिथे भेटतात तिथे नजर लावून उभे. मग खिशातून एक मळकी सुती दोरी निघायची. बारा फुटांची, फुटाफुटावर गाठ मारलेली. एका भिंतीवर तीन गाठी, दुसरीवर चार, आणि त्या दोन टोकांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच गाठी भरलं की नाना म्हणायचे, "गुण्यात हाय." गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. कोपरा नीट काटकोनात असला की तो गुण्यात. नसला, तर नाना तोंडावर सांगायचे, "कोपरा पळालाय तुमचा." नुकत्याच घेतलेल्या फ्लॅटमध्ये हे ऐकून घरमालकाचा चेहरा कसा होतो, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शहागंजमधल्या ज्या टीव्हीच्या दुकानात मी सव्वादोन वर्षं नोकरी केली, तिथे नाना फिटर होते. भिंतीला ब्रॅकेट ठोकायचा आणि त्यावर टीव्ही लटकवायचा, हे त्यांचं काम. मूळचे गवंडी, खुलताबादजवळच्या एका खेड्यातले. परांचीवरून पडून एक पाय अधू झाला, तेव्हा उंचावरची कामं सुटली आणि शेठच्या जुन्या ओळखीने ते दुकानात आले. विटा-सिमेंट सुटलं, दोरी मात्र खिशात राहिली. टीव्ही लटकवायला कोपरा मोजायची काय गरज, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "घर कुठल्या हातानं बांधलंय ते कळतं. मंग किती बारीक बघायचं ते ठरवता येतं."

आता माझं सांगते. मी कन्नड तालुक्यातली. वडील मेंढ्या राखतात, थोडी कोरडवाहू जमीन आहे. आमच्या घरात मेंढ्या मोजण्यापलीकडे गणित गेलंच नव्हतं, आणि मी निघाले गणितात बी.एस्सी. करायला! पदवी मिळाली, पाठोपाठ बी.एड. झालं, शिक्षक होण्याच्या परीक्षेत दोनदा आपटले. तिसऱ्या वेळेचा अभ्यास करायचा तर शहरात राहायला हवं, आणि शहरात राहायचं तर खोलीचं भाडं हवं. वडिलांनी साफ सांगितलं होतं, "नोकरी हाय तवर ऱ्हा. नोकरी गेली की गावाकडं ये, दिवाळीनंतर स्थळं बघतो." म्हणजे माझं शिक्षक होणं त्या टीव्हीच्या काउंटरला टांगलेलं होतं. काउंटरवरची मी पहिलीच मुलगी. शेठनी मला ठेवलं तेही "बघू महिनाभर" म्हणत.

पहिल्याच दिवशी मी दिवे लावले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हा त्रेचाळीस इंची म्हणजे रुंदीला किती?" मी ठणकावून सांगितलं, "त्रेचाळीस इंच." मागून आवाज आला, "रुंदी नाय ताई. तिरपं. या खालच्या कोपऱ्यापास्नं त्या वरच्या कोपऱ्यापातुर." नाना स्टुलावर बसून ड्रिलचं पातं पुसत होते. "कंपन्या लई हुशार. सगळ्यात लांब माप कुठलं? तिरपं. मंग तेच खोक्यावर छापायचं." माझे कान तापले. तिरपं म्हणजे कर्ण! काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका, हे सातवीपासून मी झोपेतसुद्धा म्हणत आले होते, आणि तो कर्ण डोळ्यांसमोर भिंतीला टांगलेला असताना मला ओळखू आला नव्हता. नाना त्या दिवसापासून मला मास्तरीण म्हणायला लागले.

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण जुन्या, पाठीला पोक असलेल्या टीव्हीवर त्यांचं फार प्रेम. "त्यो गवंड्याचा टीव्ही व्हता," म्हणायचे. "काच तिरपी ईस इंच, रुंदीला सोळा, उंचीला बारा. तीन-चार-पाचच की, चौपट केलेलं. दोरीत बसायचा." पुढे हे चपटे, लांबोडके टीव्ही आले आणि त्यांची दोरी उपयोगाची राहिली नाही. म्हणून ते प्रत्येक नवा टीव्ही टेपने मोजून एका खिशातल्या डायरीत त्याची रुंदी-उंची टिपून ठेवत. नवा आकार आला की पुन्हा मोज, पुन्हा टीप. मी म्हटलं, "नाना, सगळे मोजायची गरज नाही. हे सगळे टीव्ही एकाच घडणीचे आहेत. रुंदी सोळा भाग, तर उंची नऊ भाग."

दुपारची सुस्त वेळ होती. बिलाच्या पाठीवर मी मांडून दाखवलं. सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न, नऊचा एक्याऐंशी. बेरीज तीनशे सदतीस. तिचं वर्गमूळ अठरा पूर्णांक छत्तीस शतांश. म्हणजे तिरपं माप अठरा आणि वर थोडं असेल, तेव्हा रुंदी सोळा आणि उंची नऊ. "आता पंचावन्न इंची घ्या. पंचावन्नात अठरा पूर्णांक छत्तीस किती वेळा जातात? जवळजवळ तीन वेळा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, नऊ त्रिक सत्तावीस. पडदा अठ्ठेचाळीस बाय सत्तावीस."

नाना उठले, लंगडत भिंतीवरच्या पंचावन्न इंची टीव्हीकडे गेले आणि काचेला टेप लावला. अठ्ठेचाळीस. सत्तावीस. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "हे तुला टीव्ही न बघता कळलं?"

"मला नाही, पायथागोरसला कळलं."

"कुठला म्हणायचा ह्यो मिस्त्री?"

"ग्रीसमधला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा."

"बघ. तिकडं बी भिंती सरळच लागायच्या." मग त्यांनी टेप काचेवरून काढून टीव्हीच्या बाहेरच्या कडेला लावला. "आता हिकडं बघ, मास्तरीण. पाऊण इंच जास्त. पडदा गणिताचा, चौकट कंपनीची. दोन्ही धरायचं." मी मान हलवली. पण मी माझ्याच वर्गमुळावर इतकी खूश होते, की ते वाक्य या कानातून शिरून त्या कानातून बाहेर गेलं.

त्यांच्याबरोबर कामावर जाणं म्हणजे एक शिक्षणच होतं. भोक पाडायच्या आधी ते वर्तमानपत्राचा कागद दुमडून चिकटपट्टीने भिंतीला लावत, म्हणजे सगळी धूळ त्या खोळीत पडे आणि घरच्या बाईला झाडू घ्यावा लागत नसे. उंची ठरवताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोफ्यावर बसवत आणि त्याच्या डोळ्यांची पातळी मोजत. "दुकानात उभं ऱ्हाऊन बघता, घरी बसून बघायचंय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! आणि टीव्ही लटकेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. कप कडेला ठेवलेला असायचा, वर साय धरायची. काम झालं की तो गार चहा एका घोटात संपवत. एका वहिनींनी पुन्हा गरम करून देते म्हटलं, तर म्हणाले, "नगं. कामाच्या आधी चहा पिला की माणूस बोलत बसतो, आन् भोक वाकडं पडतं."

दुकानात एक रीत होती. नानांनी घर पाहून मापाची चिठ्ठी दिल्याशिवाय गोदामातून टीव्ही बाहेर पडत नसे. चिठ्ठीवर जागेची रुंदी, उंची, विजेचा बोर्ड कुठे आहे ते, आणि खाली सहीऐवजी एक छोटासा काटकोन काढलेला. गवंडीकाम आणि हे काम मिळून चाळीस वर्षांत नानांचं माप चुकलेलं नाही, असं शेठ गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. या रीतीला कारण होतं तसं. खोका एकदा फोडला की कंपनी माल परत घेत नाही.

आता ती गोष्ट.

लग्नसराईत एका शनिवारी बीड बायपासकडे नवा बंगला बांधलेले एक बागाईतदार आले. त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. दिवाणखान्याच्या भिंतीत काळ्या ग्रॅनाइटची खोबण, आत दिव्यांची पट्टी. रुंदी चार फूट. "चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. त्रेचाळीस इंचीच बसणार, मोठा काय जाणार नाय," ते जरा हिरमुसून म्हणाले. मला तर पर्वणीच आली. कागद ओढला, वर्ग केले, वर्गमूळ काढलं. "आप्पासाहेब, पंचावन्न इंची बसतो! त्याची रुंदी अठ्ठेचाळीसच्या आत आहे, केसभर कमीच." आजूबाजूची दोन-तीन गिऱ्हाइकंही ऐकायला थांबली. आप्पासाहेब हसले, "वा! पोरगी शिकलेली दिसती."

नाना तीन ठिकाणी फिटिंग करत शहरात फिरत होते. शेठ बाहेर गेलेले. गोदामवाल्याने नेमाप्रमाणे चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, "चिठ्ठी मागाहून येते, तुम्ही माल काढा." हे वाक्य अजून टोचतं.

रविवारी सकाळी मी टीव्हीला मोबाईल जोडून द्यायला म्हणून तिथे गेले. नाना गावाकडून थेट येणार होते, एसटी उशिरा आली. ते पोचले तोवर घरातल्या हौशी मंडळींनी खोका फोडून टीव्ही सोफ्यावर ठेवलेला. दोघांनी उचलला, खोबणीपाशी नेला. टक्. कड ग्रॅनाइटला लागली. तिरका करून बघितला, पुन्हा टक्. नानांनी टेप लावला. खोबण अठ्ठेचाळीस, टीव्ही पावणेएकोणपन्नास. पडदा माझ्या गणितात बसला होता, चौकट धरायची राहिली होती. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि घरच्या बाईंना म्हणाले, "आधी चहा द्या जरा."

तेव्हाच मला कळलं, काहीतरी मोठं बिघडलं आहे. नाना सोफ्याच्या कडेला बसले, एका हाताने चहा पीत पीत खिशातलं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. आदल्या दिवशीची तारीख. 'खोबण ४८, टीव्ही ५५, बसतो.' खाली काटकोन.

आप्पासाहेबांनी फोन करून शेठना बोलावलंच होतं. पाहुणे येऊ लागले होते, भटजी आत मांडामांड करत होते, आणि आप्पासाहेबांचा आवाज चढलेला. "माप कुणी घेतलं? ही पोरगी म्हणाली बसतो म्हणून!"

नाना उठले. "तिनं पडद्याचं गणित सांगितलं, ते बराबर हाय. माप म्या घेतलं, काल सांजच्याला हितं येऊन, तुमी नव्हता तवा. चौकट धरायची ऱ्हायली. चिठ्ठी खिशातच ऱ्हायली, ही घ्या."

शेठनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. "नाना, आपसे? चालीस साल में पहली बार!"

"व्हय. झालं खरं."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. घाबरले होते, हे खरं कारण. त्याला दुसरं सुंदर नाव देण्यात अर्थ नाही. नानांनी मग दुकानातून पुढे सरकणारा लांब हाताचा ब्रॅकेट मागवला आणि टीव्ही खोबणीच्या आत न बसवता खोबणीच्या पुढे बसवला. आप्पासाहेबांच्या आईला सोफ्यावर बसवून डोळ्यांची पातळी घेतली. पाहुण्यांना तो अधांतरी टीव्ही फार आवडला. आप्पासाहेब निवळले. शेठ काही निवळले नाहीत.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मला रडू फुटलं. गोदामात काय बोलले होते तेही सांगून टाकलं. "नाना, मी शेठना खरं सांगते."

"गप. माझी चूक म्हाताऱ्याची म्हणून खपंल. तुझी चूक 'पोरगी ठिवली, शिकलेली ठिवली, बघा काय झालं' म्हणून बाजारभर फिरंल. मंग पुढल्या पोरीला कोण ठिवील?" थोडं चालून ते थांबले. मग त्यांचा आवाज कडक झाला. "आन् एक ऐक. गणित चुकलं नाय तुझं. चौकट इसरलीस, ते बी शिकशील. पर चिठ्ठी मागाहून येती म्हणलीस ना, ते चुकलं. ते पुन्हा करायचं नाय. आन् म्या हाये तवर ह्यातलं काय बोलायचं नाय." मी कबूल केलं.

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील सगळे. शेठनी ती चिठ्ठी काउंटरच्या मागच्या भिंतीला खिळ्याने ठोकली. नवीन येणाऱ्याला दाखवायचे, "देखो, नानासे भी होता है. दोन वेळा मोजा." आणि नानांनी घेतलेलं माप तपासायला सोबत दुसरा माणूस जाऊ लागला. कालचा फिटर, त्याला भिंत नि दरवाजा कळत नव्हता. नाना त्याच्या टेपचं टोक मुकाट धरून उभे राहत. मी हे रोज बघत होते. एकदा चिठ्ठीकडे बघत ते मला हळूच म्हणाले, "अक्षर बरं आलंय गं माझं." मी हसले नाही. ते हसले.

माझी नोकरी टिकली. तिसऱ्या वेळी परीक्षाही निघाली. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणाले, "पोरांना आधी दोरी दाखव, मंग सूत्र. दोरी दिसली की सूत्र आपुआप येतं." मी आता कन्नडच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. जाता-येता एसटी खुलताबादला थांबते. कितीदा वाटलं, उतरावं, नानांच्या गावाला जाऊन यावं. दोनदाच गेले. दोन्ही वेळा ते कुणाच्या तरी घराचा पाया गुण्यात आहे का बघायला गेलेले होते.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. तेराव्याला गावच्या मंदिरासमोर मांडव होता. दुकानातले सगळे आले होते. चारजण बोलले, मग शेठ उठले. त्यांचं नानांवर प्रेम होतं, यात शंका नाही. डोळे पुसत म्हणाले, "असा कारागीर पुन्हा होणार नाही. एवढ्या वर्षांत एकच माप चुकलं."

एकच माप. लोकांनी माना हलवल्या. मी आहे तोवर बोलायचं नाही, असं नाना म्हणाले होते. आता ते नव्हते. मी उठले. मांडवात पुढे आले. "ते एक मापसुद्धा चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "नाना त्या घरी आदल्या दिवशी गेलेच नव्हते. माप मी सांगितलं. चिठ्ठी मी टाळली. त्यांनी ती माझ्यासाठी लिहिली." एवढंच बोलता आलं. शेठ खाली बसले आणि उपरण्यात तोंड लपवलं.

जेवणं झाल्यावर नानांच्या बायकोने मला आत बोलावलं. मी त्यांना त्याआधी पाहिलंही नव्हतं. "तूच व्हय ती मास्तरीण?" त्या म्हणाल्या. "मला ठावं व्हतं. त्या दिशी लई खूश व्हऊन घरी आले. म्हणले, आज एक पोरगी माप शिकली, आता जल्मात चौकट इसरायची नाय. म्या म्हणलं, आवो, पर नाव तर तुमचं गेलं. तर म्हणले, नाव आता किती दिस वापरायचंय? लागलं तिथं लावलं."

पुढच्या आठवड्यात शहागंजला गेले. भिंतीवर नुसता खिळा होता. शेठनी चिठ्ठी पाकिटात घालून माझ्यासाठी ठेवली होती.

आमच्या शाळेत गावाने वर्गणी काढून घेतलेला त्रेचाळीस इंची टीव्ही आहे. दरवर्षी सातवीची मुलं आधी अंगणात बारा गाठींची दोरी ताणतात. मग वर्गात येऊन टीव्हीची रुंदी-उंची काढतात. साडेसदतीस आणि एकवीस. मग टेप लावतात, आणि कुणीतरी ओरडतंच, "बाई, जास्त भरतंय!" तेव्हा मी ती चिठ्ठी काढते. खिळ्याचं भोक पडलेली, पिवळी झालेली. नानांच्या काटकोनाखाली आता मी माझं नाव लिहिलं आहे.

"बाई, ही चूक कुणाची?" मुलं विचारतात.

"माझी," मी सांगते, आणि त्यांना चौकट मोजायला लावते.